जुना तलाव : नव्या टाइल्स की पीव्हीसी लायनर?

पोहण्याचा सार्वजनिक तलाव चाळिशीला आला की कमिटीत दोन तट पडतात. जुन्या टाइल्स फोडून नव्या लावायच्या, की वरून दीड मिलिमीटर जाडीचं, आत मजबुतीची जाळी असलेलं पीव्हीसी लायनर, म्हणजे प्लास्टिकचं अस्तर, घालायचं? आमच्याकडेही हाच वाद झाला. तेव्हा देखभालीचं काम माझ्याकडे होतं.

टाइल्स मलाही आवडतात. पाण्याखाली त्यांच्यासारखं काही दिसत नाही, ब्रशने घासता येतात आणि कारागीर चांगला मिळाला तर वर्षानुवर्षं टिकतात. फक्त जुन्या टाइल्सवरच नवा थर चढवू नका. दोन्ही टोकांना जाडी वाढते आणि स्पर्धेच्या तलावाला २५ मीटरपेक्षा कणभरही कमी चालत नाही.

माझं मन फिरलं ते मे महिन्यात. पाण्याचा पीएच घसरत राहिला, म्हणजे पाणी आम्लधर्मी होत गेलं, की ग्राउट (टाइल्सच्या सांध्यांतला भराव) झिजतो, टाइल पोकळ वाजू लागते आणि नेमकी भर सीझनमध्ये सुटते. मागे राहिलेली कड पात्यासारखी असते. उथळ बाजूला शिकाऊ मुलांची बॅच. एका मुलाचा अंगठा चांगलाच कापला. टाइल पक्की बसवायची तर सहसा पाणी उतरवायला हवं. २५ बाय साडेबारा मीटर, सरासरी दीड मीटर खोली, म्हणजे साधारण पावणेपाच लाख लिटर. उन्हाळ्यात एवढं पाणी सोडून पुन्हा कुठून आणणार? आम्ही दोर बांधून तो कोपरा बंद केला. पुढच्या वर्षी दुसरा कोपरा. सुट्टीत पोहायला शिकायला आलेली मुलं काठावर नंबर लावून बसलेली बघवत नसत.

लायनरलाही चीर पडते. शेवटी आम्ही घातलेल्या लायनरला वीतभर पडली, तेव्हा जीवरक्षकाने बुडी मारून पाण्याखाली चालणाऱ्या चिकटद्रव्याने ठिगळ लावलं. संध्याकाळची बॅच वेळेवर सुरू झाली.

लायनरच्या खोडीही सांगायला हव्यात. ब्लीचिंग न विरघळवता टाकलं तर पांढरे डाग पडतात. उथळ बाजूला खरखरीत शीट मागून घ्या, साधी निसरडी होते. आणि पावसाळ्यात तुमच्या तलावाला खालून पाणी लागत असेल, तर ते लायनरच्या मागे साठून फुगवटे येतात. अशा जागी टाइल्सच बऱ्या असतील.

निर्णयाआधी गळती आहे का हे बघायला बादलीची चाचणी जरूर करा. तलावातल्या पाण्याखालच्या पायरीवर भरलेली बादली ठेवा, आत-बाहेर पातळीची खूण करा, २४ तास पंप बंद. बादलीपेक्षा तलाव एक सेंटीमीटर जास्त उतरला, तर आमच्या मापाच्या तलावातून रोज तीन हजार लिटरहून अधिक पाणी जातंय. ते पाइपमधून जात असेल तर टाइल्स काय नि लायनर काय, आधी पाइप.

बाकी, माझं मत विचाराल तर आत लायनर. काठाला मात्र आम्ही टाइल्सच ठेवल्या. पाय सोडून बसणाऱ्या आजी-आजोबांना त्याच बऱ्या वाटतात.