चौदा गेज दाखवलं, अठरा गेज बसवलं

लोखंडाच्या बाबतीत आपल्याला कुणी टोपी घालू शकत नाही, अशी माझी समजूत होती. मामांचं भोसरी एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि शाळेच्या सुट्ट्या मी तिथं वेल्डिंगच्या ठिणग्या बघत घालवल्या आहेत. एवढ्याच भांडवलावर ती समजूत उभी होती. नाना पेठेत ती बत्तीसशे रुपयांना मोडीत निघाली.

मे २०२४ मध्ये मी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० मोटरसायकल घेतली. गाडी १९५ किलोची. आधीची वीस वर्षं हलक्या गाड्या चालवलेल्या, त्यामुळे ही सिग्नलला कलली तर आपल्याच्यानं सावरेल का, ही धास्ती पहिल्या दिवसापासून होती. म्हणून क्रॅश गार्ड हवा, म्हणजे गाडी आडवी झाली तर पाय आणि इंजिन वाचवणारा पाइपचा सांगाडा. शोरूममध्ये कंपनीच्या गार्डचा भाव फिटिंगसकट एकोणचाळीसशे ऐकला, 'बघून सांगतो' म्हणालो आणि पुण्यातला कुणीही करतो तेच केलं. पेठेत गेलो. मामांना फोन केला असता तर दोन मिनिटांत चार गोष्टी कळल्या असत्या. पण पस्तिशीच्या माणसानं एवढ्याशा गोष्टीसाठी मामांना काय विचारायचं!

दुकानाच्या दारातच हुकाला एक अष्टकोनी गार्ड टांगलेला होता. दुकानदारानं तो काढून थेट माझ्या हातात दिला. "वजन बघा साहेब. ३०४ स्टील, इंची पाइप, चौदा गेज. कंपनीला जो माल देतो ना, त्याच्याकडूनच येतो. फक्त खोका नाही, म्हणून स्वस्त." ३०४ म्हणजे स्टेनलेस स्टीलची चांगली प्रत आणि गेज म्हणजे पत्र्याची जाडी, आकडा लहान तेवढा पत्रा जाड. गार्ड खरंच जड होता. मी घरून तयारीनं गेलो होतो. फ्रिजवरचं आंब्याच्या आकाराचं लोहचुंबक खिशात होतं. ते काढून पाइपला लावलं. चिकटलं नाही. दुकानदारानं माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलं की मी थोडा फुशारलोच. आता वाटतं, चुंबक घेऊन येणारं गिऱ्हाईकच त्याचं सगळ्यात लाडकं असणार.

मी तरी रेंगाळत होतो. तेव्हा त्यानं ठेवणीतला पत्ता काढला. "चारचाकीच्या बुलबारवर २०१७ ला बंदी आलीच ना? टू-व्हीलरवर कधी येईल सांगता येत नाही. नंतर मागाल तर मिळणार नाही." पहिलं वाक्य खरं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना कळवलं होतं की गाड्यांच्या पुढं लावलेले असे गार्ड, म्हणजे बुलबार, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध जातात, कारवाई करा. दुसरं वाक्य त्यानं त्याला जोडून दिलेलं. अर्धं खरं असलं की उरलेलं अर्धं आपण तपासत नाही.

"हा सँपलचा आहे, ओरखडे पडलेत. तुम्हाला नवा देतो," म्हणून त्यानं माळ्यावर हाक मारली. वरून बबल रॅपमध्ये गुंडाळलेला गार्ड आला, तो माझ्या हातात न येता सरळ फुटपाथवर गाडीपाशी बसलेल्या पोराकडे गेला. मला स्टूल मिळालं, चहा सांगितला गेला. कटिंग संपेपर्यंत पोराचे पाने फिरत होते. पंधरा-वीस मिनिटांत काम झालं. गार्ड चकाचक दिसत होता.

फसवणूक झाली ती त्या चहाच्या वेळात. मी तपासला तो गार्ड हुकावरच राहिला आणि गाडीला लागला तो दुसराच.

बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं हवं तर २८ टक्के वर पडतील साहेब, कशाला सरकारला देताय?" तेव्हा या मालावर जीएसटी २८ टक्के होता हे खरं. मला मिळाली ती 'एस्टिमेट' छापलेल्या वहीतली एक चिठ्ठी. तिच्यावर '१ गार्ड ३२००' एवढंच. दुकानाचं नाव नाही, सही नाही. पैसे क्यूआर कोडवर गेले, ते कुणा तिसऱ्याच्याच नावावर. मी सातशे रुपये वाचवल्याच्या आनंदात घरी आलो.

जूनच्या अखेरीस वेल्डिंगच्या बाजूला तांबूस डाग दिसायला लागले. फोन केला. "पावसाळा आहे साहेब, पितांबरी लावा." मी लावली! डाग गेलेही, आठवडाभरानं परत आले.

जुलैमधल्या एका संध्याकाळी धायरी फाट्याकडून आत वळत होतो. पाइपलाइनसाठी खोदून बुजवलेला रस्ता, वर बारीक खडी, त्यावर पाऊस. वेग पंधरा-वीसच्या वर नसेल. पुढचं चाक सरकलं आणि गाडी डाव्या अंगावर बसली, अगदी संथपणे, म्हैस बसते तशी. अशा पडण्यासाठीच तर लोक गार्ड लावतात. गाडी गार्डवर टेकावी, पायाला आत जागा राहावी, आपण उठून इकडेतिकडे बघत पँट झटकावी. माझा गार्ड टेकला आणि मागे दुमडला. पाइप गिअरच्या लिव्हरवर येऊन बसला आणि मधे माझं पाऊल अडकलं. टपरीवरच्या चौघांनी गाडी उचलेपर्यंत मी तसाच होतो. हाड मोडलं नाही, पण घोटा सुजून तीन आठवडे ऑफिसला चप्पल घालून जावं लागलं. गाडीचं लिव्हर, फूटरेस्ट, गार्डसाठी लावलेला वाकून अडकलेला बोल्ट आणि त्यानं खराब केलेलं माउंटिंग, म्हणजे गार्ड जिथं बसतो ती जागा, सगळं मिळून मेकॅनिकनं ४,६०० रुपये घेतले. बोल्ट ड्रिल करून काढावा लागला, त्यातच त्याचा अर्धा दिवस गेला.

मग वाकलेला गार्ड रिक्षात घालून मामांकडे नेला. जायच्या आधी कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे वजन केलं, का कोण जाणे. काट्यावर २ किलो ६०० ग्रॅम आलं. रद्दीवाल्यानं उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "दादा, ३०४ चा भाव नाही मिळणार हां. हे २०२ आहे." त्यानं चुंबक वगैरे काही लावलं नव्हतं. मी कसं ओळखलं विचारलं तर हसला फक्त.

मामांनी आधी मला शिव्या दिल्या नाहीत, हे मुद्दाम नोंदवतो. त्यांनी गार्ड व्हाइसमध्ये धरला, कट-ऑफ चाकानं सरळ भागातून एक तुकडा कापला आणि व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायची पट्टी, माझ्या हातात दिला. "वाच." १.२ मिलिमीटर. चौदा गेज म्हणजे २ मिलिमीटर, अठरा गेज म्हणजे १.२. मग जिथं पाइप वळवला होता तिथून कापलं. बाहेरच्या बाजूला पत्रा ताणला गेल्यामुळे तिथं १.२ सुद्धा नव्हता, अंगठ्याच्या नखाएवढा पातळ वाटत होता. नेमका तिथंच तो थंड पेयाच्या नळीसारखा मुडपला होता.

"आता तुझं चुंबक," मामा म्हणाले. गच्चीची रेलिंगं करताना त्यांना माल तपासावा लागतो, म्हणून त्यांच्याकडे एक बाटली असते. घासून साफ केलेल्या जागी त्यातला एक थेंब टाकायचा आणि छोट्या बॅटरीचं टोक लावायचं. थेंब बघता बघता लाल झाला. शेजारी रेलिंगच्या ३०४ च्या तुकड्यावर तसाच थेंब टाकला, तो तसा लाल झाला नाही. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगेनीज जास्त असतं, त्यामुळे स्वस्त पडतं. पण चुंबक दोघांनाही चिकटत नाही. चुंबकानं फार तर क्रोम चढवलेलं साधं लोखंड पकडता येतं. एवढ्याशा माहितीवर मी स्वतःला जाणकार समजत होतो.

"आणि एक लक्षात ठेव," ते म्हणाले, "२०२ आहे म्हणून तो दुमडला नाही. ताकदीला २०२ काही कमी नसतं. गंजतं लवकर, एवढंच. साध्या लोखंडाचा जाड पाइप, नीट रंगवलेला, तो सुद्धा याच्यापेक्षा बरा. तू ३०४, ३०४ करत बसलास आणि त्यानं तुला जाडीत मारलं." इंची पाइप चौदा गेजमध्ये मीटरला साधारण १ किलो १६० ग्रॅम भरतो, अठरा गेजमध्ये ७२० ग्रॅमच्या आसपास. माझ्या गार्डला जवळपास तीन मीटर पाइप लागला होता. पट्ट्या आणि क्लॅम्प धरून खरा चौदा गेजचा गार्ड चार किलोच्या आसपास भरायला हवा होता. म्हणजे रद्दीवाल्याच्या काट्यावर पाच मिनिटांत जे कळलं, ते मला आधीही कळू शकलं असतं. पाइपची तोंडं बंद केलेली असतात, आतली जाडी दुकानात दिसत नाही. वजन मात्र लपवता येत नाही.

वेल्डिंगही मामांनी फोडून दाखवलं. वरून घासून पॉलिश केलेलं सुरेख वळ, आत मात्र चार ठिकाणी टाके मारलेले, मधे पोकळ. पण ते चिडले ते बोल्ट बघून. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर आकडा कोरलेला असतो, ८.८ किंवा १०.९. पहिला आकडा तो किती ताणाला तुटेल ते सांगतो आणि दुसरा त्याच्या किती टक्क्यांवर तो कायमचा वाकेल ते. ८.८ म्हणजे ८०० मेगापास्कल आणि त्याच्या ८० टक्के, ६४०. माझ्या बोल्टचं डोकं गुळगुळीत, कोरं. "इंजिन जिथं फ्रेमला धरलंय तिथं हा घातला? आणि कंपनीचा काढलेला कुठंय?" तो पोरानं मला दिलाच नव्हता. मीही विचारलं नव्हतं. मी चहा पीत होतो.

घोटा बरा झाल्यावर दुकानात गेलो. आधी तो अगदी गोड बोलला. "साहेब, गार्ड वाकला म्हणजे त्यानं काम केलं. नाहीतर धक्का इंजिनला बसला असता." यातही तथ्य आहे, म्हणून तर चीड येते. गार्ड फार ताठ असला तर सगळा मार माउंटिंगवर जातो आणि इंजिनच्या ओतीव केसिंगचा कान तुटू शकतो. गार्ड वाकावाच, पण दमादमानं. पायावर घडी पडून नव्हे. हे बोलून मी पिशवीतून कापलेला तुकडा काढला, तसा त्याचा सूर बदलला. "हा माल आमचा नाहीच. बिल आहे?" मी चिठ्ठी दाखवली. त्यानं ती उलटी करून मागची कोरी बाजू मला दाखवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. माणसं नीट बोलली, तक्रार घेतली, क्रमांक दिला. पण पहिलाच प्रश्न बिलाचा. ही हेल्पलाइन दाव्याआधीची तडजोड घडवू बघते, निकाल देत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथं फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, हे मला तेव्हा कळलं. पण माझ्या हातात काय होतं? नाव नसलेली चिठ्ठी आणि परक्या माणसाच्या नावावर गेलेले पैसे. ज्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, त्या पुण्यात मी २८ टक्क्यांच्या भीतीनं बिल सोडून आलो होतो. पक्क्या बिलावर विकणाऱ्याचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक असतो, महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ नं सुरू होतो आणि सरकारी पोर्टलवर टाकला की त्यामागचं नाव दिसतं. बिलावर 'एसएस ३०४, २ मिमी' असं लिहून द्यायला सांगायचं होतं. खरा माल असता तर त्याला लिहायला काय हरकत होती?

शेवटी शोरूममधूनच गार्ड घेतला. तेच एकोणचाळीसशे. यावेळी फिटिंगला मी चहा नाकारला आणि शेजारी उभा राहिलो. बसवण्याआधी गार्ड पार्सलच्या काट्यावर ठेवायला लावला, तिथला मुलगा माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत होता. बोल्टचं डोकं वाचलं. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून घेतलं, पुढचा ब्रेक दाबून शॉक दाबले, मडगार्ड कुठं घासत नाही ना बघितलं. गार्ड आणि गिअर लिव्हरच्या मधे बूट घातलेला पाय घालून काढून पाहिला. हे शेवटचं मामांनी सांगितलं होतं आणि कुठल्याच विक्रेत्यानं सांगितलं नव्हतं. पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून घेतले, दोन खरंच सैल झाले होते.

जुना वाकडा गार्ड मी विकलेला नाही. रद्दीवाला दर महिन्याला विचारतो, मी सांगतो, पुरावा आहे. तो बाल्कनीत उभा आहे. आईनं त्यावर पायपुसणी वाळत घालायला सुरुवात केली आहे आणि तेवढं वजन तो पेलतो.