अभ्यासिकेसाठी पैसा कुठून आणावा: आमदार निधी, सीएसआर की लोकवर्गणी?

गावात स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका काढायची म्हटलं की जागेचा प्रश्न लवकर सुटतो, पैशाचा रेंगाळतो. आम्ही तिन्ही दारं ठोठावली. आता पोलीस भरतीची आणि एमपीएससीची मुलं तिथे रात्री उशिरापर्यंत बसतात. तुमच्याकडे सध्या हाच खल चालू असेल, तर आमचा अनुभव उपयोगी पडेल असं वाटतं.

चार भिंती उभ्या करायच्या असतील, तर आमदार निधीला तोड नाही. एका आमदाराच्या हाती वर्षाला 5 कोटी असतात. त्यात अख्खा मतदारसंघ बसवायचा असला, तरी एका खोलीपुरती रक्कम निघू शकते. ग्रामपंचायतीचा ठराव, जागेचा उतारा, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता अशी फाईल फिरते. ती कुठल्या टेबलावर अडली हे विचारत फिरणारा एक चिवट माणूस गावात लागतोच. आमच्याकडे ते काम एका निवृत्त गुरुजींनी केलं. त्यांच्याशिवाय स्लॅब पडला नसता.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी खर्चायचा पैसा आखीव असतो. कायद्यानेच कंपनीला आपल्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगितलंय, त्यामुळे जवळ एमआयडीसी असेल तर जरूर प्रयत्न करा. पण गावातल्या तरुण मंडळाच्या खात्यात थेट चेक येईल अशी आशा ठेवू नका. आयकर खात्याच्या 12अ आणि 80जी नोंदण्या, सीएसआरचं काम घेण्यासाठीची सीएसआर-1 नोंदणी आणि तीन वर्षांचं काम दाखवू शकणारी संस्था मध्ये लागते. अशी संस्था तालुक्याला मिळाली, की टेबल-खुर्च्या, पुस्तकं, संगणक चांगल्या दर्जाचे येतात. आमची पुस्तकं तशीच आली आणि ती खरंच निवडून दिलेली होती.

माझं मत फिरलं ते वीजबिलावरून.

आमदार निधी कायमस्वरूपी मालमत्तेसाठी असतो, महिन्याच्या खर्चाला त्यातून काही मिळत नाही. सीएसआरचा प्रकल्प बहुवार्षिक धरला, तरी सुरुवातीचं वर्ष सोडून फार तर तीन वर्षं चालतो. उद्घाटन झालं, फोटो झाले, मीटर ग्रामपंचायतीच्या नावावर लागला. पुढे बिल तिथल्या इतर थकबाकीत अडकलं आणि ऐन लेखी परीक्षेच्या तोंडावर वीज तोडली गेली. नव्या कोऱ्या खोलीला कुलूप, आणि मुलं मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर एका बल्बखाली चालू घडामोडींची वही घेऊन बसलेली. दोन्हीकडे विचारलं. माणसं चांगली होती, पण बिलासाठी त्यांच्याकडे खातंच नव्हतं. ती चीड अजून जात नाही.

तेव्हापासून आम्ही लोकवर्गणीवर आलो. गणपतीसारखी एकदाच काढायची वर्गणी नव्हे, दरमहा थोडी. पुण्याला, चाकणला, वाशीला नोकरी करणारी गावची मुलं महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यूपीआयने पाठवतात. भरलेल्या बिलाचा फोटो, राखणदाराच्या मानधनाची सही, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घातलेल्या पाण्याचा खर्च, सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतं. एखाद्या रात्री दिवे लवकर बंद झाले, तर चाकणहून फोन येतो, "काका, आज लवकर का बंद?" असा फोन इतर दोन्ही ठिकाणांहून कधी आला नाही. त्यांच्याकडून तशी अपेक्षाही धरता येत नाही म्हणा.

वर्गणीतही त्रास आहेच. गावात दोन तट असतील, तर गोळा करणाऱ्याचं नाव आधी खराब होतं. नोंदणीकृत न्यास नसेल, तर वर्गणी काढण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या. पावती पुस्तक पहिल्या दिवसापासून ठेवा. परदेशातल्या गाववाल्यांचं वेगळं पाहावं लागतं. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात, पण तिकडचं नागरिकत्व घेतलेल्याचा पैसा परदेशी देणगीत धरला जातो आणि त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्यासाठीच्या कायद्याखालची नोंदणी लागते. आमच्या एका दात्याला त्यामुळे नाही म्हणावं लागलं, जिवावर आलं.

प्रत्येक गावाचं गणित वेगळं असतं. जवळ मोठा कारखाना असेल किंवा आमदार स्वतः लक्ष घालणारे असतील, तर तुमचा निर्णय वेगळा होऊ शकतो. तरी मला विचाराल, तर आधी सहा महिने एखाद्या वापरात नसलेल्या वर्गखोलीत वर्गणीवर अभ्यासिका चालवून पाहा. दरमहा पैसे येतात हे दिसलं, मग खोलीसाठी आमदारांकडे आणि पुस्तकांसाठी कंपनीकडे जा. आणि ग्रामपंचायतीचा ठराव लिहून घेताना दोन ओळी जास्तीच्या घाला: मीटर कोणाच्या नावावर राहील आणि बिल कोण भरेल.