काटा मधोमध, इंजिन १०८ अंशांवर: ओबीडी रीडरचा आठ महिन्यांचा अनुभव

माझ्या पेट्रोल टर्बो गाडीने पंधरा वर्षे ओलांडली आहेत आणि लांबच्या चढावर तिचे इंजिन तापत असे. थर्मोस्टॅट बदलला, मग वॉटर पंपही बदलला, तरी फरक पडेना. तेव्हा अंदाजाने सुटे भाग बदलणे थांबवून मी ब्लूटूथवर चालणारा एक साधा ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या सॉकेटमध्ये बसवून तिच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारे उपकरण, घेतला. त्याला आता आठ महिने झाले.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबणे किती चुकीचे होते, हे पहिल्याच आठवड्यात कळले. अनेक गाड्यांत हा काटा मुद्दामच असा बसवलेला असतो, की कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान बऱ्याच मोठ्या टप्प्यात वरखाली झाले तरी तो मधोमध स्थिर राहावा. मोबाइलवर १०८ अंश दिसत असताना माझा काटा जागचा हललेला नव्हता, आणि ११२ च्या पुढे तो एकाएकी लाल पट्टीकडे सरकला. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल असलेले कूलंट रेडिएटरच्या झाकणाने धरलेल्या दाबाखाली सुमारे १२५ अंशांपर्यंत उकळत नाही, म्हणून मी घाबरलो नाही. पण झाकण दाब धरत नसेल तर हा हिशेब कोलमडतो, त्यामुळे ते आधी तपासून घेतले.

मात्र नुसत्या आकड्याने दोष सापडत नाही. तो कोणत्या परिस्थितीत चढतो आणि कशाने उतरतो, याची मी दोन महिने नोंद ठेवली, आणि उत्तर त्या नोंदींतूनच निघाले. गाडी उभी असताना तापमान ९८ पर्यंत जाई, पंखा सुरू होई आणि ते निमूटपणे ९३ वर येई. म्हणजे पंखा व त्याला वीज जोडणारा रिले ठीक होते. सपाट रस्त्यावर वेगात १०३, चढावर टर्बोचा दाब वाढला की ११०, आणि पाय उचलताच काही मिनिटांत पुन्हा खाली. भरपूर वारा लागत असूनही भाराखाली तापमान चढत असेल, तर उष्णता बाहेर टाकण्याची रेडिएटरची क्षमताच कमी पडते आहे, असा संशय घ्यायला हवा. सेन्सर चुकीचे दाखवत असेल ही शंकाही मी फेडून घेतली: या सेन्सरची जोडणी सैल झाली तर विद्युत रोध वाढतो आणि आकडा उलट थंड दिसतो.

इंटेकच्या, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या, हवेचे तापमानही चढावर बाहेरच्या हवेपेक्षा तीसएक अंशांनी जास्त दिसत होते, म्हणून बंपर उतरवला. टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा इंटरकूलर, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत धूळ, किडे व तेलाचा ओशटपणा मिळून नमद्यासारखा जाड थर जमला होता, आणि तो बाहेरून अजिबात दिसत नव्हता. थर काढल्यावर कमाल तापमान १०६ वर आले, पण तिथेच अडले. मग रेडिएटरवर काळ्या टेपचे तुकडे चिकटवून इन्फ्रारेड थर्मामीटर धरला, कारण चकचकीत ॲल्युमिनियमवर हे उपकरण हमखास फसते. वरच्या आडव्या नळ्या ८५ अंशांच्या आसपास होत्या, तर खालच्या तिसऱ्या हिश्श्यातल्या जेमतेम ५० अंशांवर. तेवढ्या नळ्या आतून गाळाने बुजल्या होत्या. हेड गॅस्केट, म्हणजे ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरू न देणारे इंजिनातले सील, गेल्याची धास्ती होती, पण टाकीतल्या वाफेत ज्वलनाचा वायू असल्यास निळ्याचा पिवळा होणारा द्रव निळाच राहिला.

रीडरबद्दल तक्रारीही आहेत. आकडा सेकंदाला जेमतेम एकदा बदलतो, जोडणी मधूनच तुटते, आणि तो सॉकेटमध्येच राहिला तर बॅटरी हळूहळू उतरते. माझी एकदा पूर्ण उतरली. शिवाय इतके महिने गाडी तापत असताना गाडीच्या संगणकात एकही फॉल्ट कोड (दोषाची खूण) नोंदला गेला नाही, तेव्हा ‘कोड नाही म्हणजे दोष नाही’ असे सांगणाऱ्या गॅरेजवाल्याचे ऐकले असते, तर मी अजून तिथेच असतो.

नवा रेडिएटर बसवल्यावर कूलंट भरताना अडकलेली हवा काढायला दोनदा प्रयत्न करावा लागला. आता त्याच चढावर, एसी चालू असताना, आकडा ९९ च्या वर गेलेला नाही. काटा अर्थातच तेव्हाही मधोमध होता.