टोमॅटो उदंड झाले: गोठवायचे, आटवायचे की वाळवायचे?

गच्चीवर आठ-दहा झाडं असली की थंडी सरताना एक आठवडा असा येतोच, की टोमॅटो घरात मावेनासे होतात. सार झालं, भरीत झालं, ऑम्लेटं झाली, शेजारीपाजारी वाटून झाले. बाजारातही तेव्हा ते मातीमोल असतात, त्यामुळे फुकट दिले तरी कुणी हरखून जात नाही. हेच टोमॅटो पावसाळ्यात भाव खातात. 2023 च्या जुलैत तर त्यांनी किलोमागे शंभरी कधीच ओलांडली होती. तेव्हा आताचा माल जुलैपर्यंत न्यायचा कसा, हा खरा प्रश्न. उत्तर तीन गोष्टींवर ठरतं: फ्रीझरमध्ये जागा किती, तुमच्याकडचं ऊन कसं आणि गॅसपाशी उभं राहायची तयारी किती.

अख्खे गोठवणं सगळ्यात बिनकष्टाचं. धुवा, कोरडे पुसा, देठाची जागा कोरून काढा आणि पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाका. लागतील तेव्हा दोन-चार काढून नळाखाली धरले की साल आपसूक सुटते. मात्र वितळल्यावर टोमॅटो लिबलिबीत होतो. कोशिंबिरीचं नाव काढू नका, रश्शाला आणि साराला चालतो. अडचण जागेची. साध्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात दोन-तीन किलो टोमॅटो गेले की बर्फाचा ट्रे बाहेर. आणि गावाकडे वीज रोज तासन् तास जात असेल, तर हा मार्ग सोडाच.

आटवून गोठवणं, माझं मत याला. टोमॅटोत 95 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते फ्रीझरमध्ये कशाला सांभाळायचं? कुकरला एक-दोन शिट्ट्या काढून, मिक्सरमधून फिरवून, गाळून घ्या आणि जाड बुडाच्या पसरट कढईत मोठ्या आचेवर ठेवा. पाणी असेतोवर फार ढवळावं लागत नाही. रस दाटायला लागला की मात्र तो फटाफट उडतो, ओट्यावर, भिंतीवर, मनगटावर. तेव्हा आच कमी करा आणि वर जाळी ठेवा. डाव फिरवल्यावर कढईचा तळ क्षणभर दिसला आणि रस सावकाश मिटत आला, की झालं. किलोभर टोमॅटोचा वाटी-दीड वाटी गर उरतो. बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा, मग वड्या काढून पिशवीत भरा. भाजीला दोन वड्या पुरतात. फोडणी, मसाला, नारळाचं दूध यातलं काहीही आधी घालू नका. कोरा गर साराला चालतो, पावभाजीलाही. लोखंडी किंवा कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात मात्र आटवू नका, आंबटामुळे धातू उतरतो.

वाळवणं आटवण्याच्या तोडीचं, पण सगळ्यांसाठी नाही. पुणे, नगर, सोलापूर, मराठवाडा, विदर्भ इथलं फेब्रुवारी-मार्चचं कोरडं ऊन यासाठी छान. मुंबईत किंवा कोकणात हवेतच ओल, त्यामुळे चकत्या वाळायच्या आधी बुरशी धरतात. तिथे या भानगडीत पडू नका. गावठी, गोल, रसाळ टोमॅटोही यासाठी नकोत, त्यांचं सारच करावं. लांबट, जाड गराचे घ्या, पातळ चकत्या करा, बिया झटका, मीठ भुरभुरा. वर पातळ मलमल हवी, नाहीतर माश्यांचं संमेलन भरतं. संध्याकाळी ताटं आत घ्यायची. चकती मोडताना कटकन आवाज आला पाहिजे. नुसती वाकत असेल तर अजून ऊन द्या. किलोचे जेमतेम 60 ग्रॅम उरतात, पण त्यांना वीज लागत नाही, जागाही लागत नाही. पूड केली तर पावसाळ्यात तिचे खडे होतात, म्हणून चकत्याच ठेवा आणि लागेल तशी पूड करा. इटालियन पद्धतीने लसूण घालून तेलात बुडवून त्या ओट्यावर ठेवायचा मोह होईल, तो टाळा. ओलसर लसूण, तेल आणि उबदार हवा हे बोटुलिझमच्या, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूला मानवणारं त्रिकूट आहे.

बाटलीत भरून कपाटात ठेवणं परदेशी व्हिडिओंमध्ये सोपं दिसतं. टोमॅटोचा आंबटपणा मात्र काठावरचा असतो: त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण 4.2 ते 4.9, आणि सुरक्षिततेची रेघ 4.6 ची, तिच्यावर गेला की धोका. म्हणून प्रत्येक बाटलीत मोजून लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिड घालावं लागतं, शिवाय भरलेल्या बाटल्या झाकणासकट उकळत्या पाण्यात पुरेसा वेळ ठेवाव्या लागतात. जुन्या जॅमच्या बरण्यांवर हा प्रयोग नको.

केचप पोरांच्या आग्रहापायी करायचं तर करा. हिशेब असा: आपल्याकडे बाजारी केचपमध्ये मीठ सोडून किमान 25 टक्के विरघळलेले घटक असावे लागतात आणि टोमॅटोच्या रसात ते पाचेक टक्केच असतात. उरलेलं भरून काढायचं ते बरंचसं साखरेने. म्हणजे तासभर गॅस जाळून हाती येतो टोमॅटोच्या चवीचा पाक, आणि पोरं तरी म्हणणार, ‘विकतच्यासारखं नाही लागत.’

तिखट चटणी मोहरी, मेथी, तिखट आणि सढळ तेल घालून, तेल सुटेपर्यंत परतून फ्रीजमध्ये ठेवली की दोन-तीन आठवडे चालते. जुलैपर्यंत नाही. आंध्रातल्या वर्षभर टिकणाऱ्या टोमॅटो पचडीसाठी (तिथलं लोणचं) आधी मीठ लावून फोडी वाळवाव्या लागतात, म्हणजे पुन्हा ऊन आलंच.

चिरलेले, अळीने पोखरलेले यातल्या कशातही घालू नका. खराब भाग काढून त्याच दिवशी आमटीत संपवा. उन्हाळा तापला की झाडावरचे टोमॅटो लाल न होता पिवळट-नारिंगीच राहतात, कारण तिशीच्या वर पारा राहिला की लाल रंग नीट तयार होत नाही. म्हणून मार्चअखेर थोडा रंग फुटलेले उतरवून घ्या आणि घरात सावलीत कागदात गुंडाळून पिकवा. अगदी हिरवेगार, कच्चे असतात ते मात्र कागदात पिकत नाहीत. त्यांना तीळ, मिरची, लसूण आणि गुळाचा खडा घालून परता, वाटा आणि भाकरीबरोबर दोन दिवसांत उडवा.