सीलबंद खोक्यातला बनावट टरेट

जुनं पण न उघडलेलं, मोठ्या स्केलचं, रणगाड्याचं प्लास्टिक मॉडेल जोडून बनवायचं किट कुणी बऱ्या भावात देतोय आणि तुम्ही पैसे पाठवायच्या बेतात असाल, तर आधी हे वाचा. माझे ३१ हजार रुपये गेले. ज्याने ते घेतले तो वाट्टेल ते विकून पळणारा साधा भामटा नाही. आपण किटं कशी घेतो, कुठे रचून ठेवतो, कधी उघडतो, हे त्याला खडान्‌खडा ठाऊक आहे आणि त्याची सगळी फसवणूक त्या माहितीवरच उभी आहे. म्हणून सगळं तपशीलवार लिहितोय.

आपल्याकडे एवढी सेकंडहँड खरेदी का होते, हे या छंदातल्या प्रत्येकाला माहीत आहे. प्लास्टिकची स्केल मॉडेल आयात होतात ती खेळण्यांच्याच वर्गात, ९५०३ या शीर्षकाखाली. २०२० मध्ये खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. त्यात १/१६ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याएवढ्या मॉडेलचं, खोकं अवाढव्य. मी घेतलेलं किट टी-३४/८५ या दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत रणगाड्याचं. तो तोफेसकट ८ मीटर १० सेंटिमीटर लांब. १/३५ मध्ये तो २३ सेंटिमीटरचा होतो, १/१६ मध्ये ५० सेंटिमीटरच्या वर जातो. लांबी दुपटीहून थोडीच जास्त, पण आकारमान दहापट. त्या हिशेबाने विमानाचं भाडं लागतं. म्हणून कुणी देशातल्या देशात किट विकायला काढलं की आपण सगळे धावतो.

मला हा रणगाडा १/१६ मध्येच करायचा होता, तेही टरेटसाठी, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागासाठी. १९४४ च्या सुरुवातीपासून टी-३४/८५ कारखान्यांतून बाहेर पडू लागला. जर्मन टायगर आणि पँथर रणगाड्यांपुढे जुनी ७६ मिमीची तोफ तोकडी पडत होती, म्हणून टरेट मोठा करून ८५ मिमीची तोफ बसवली. टरेटमध्ये दोनाऐवजी तीन माणसं मावू लागली आणि कमांडर तोफ चालवण्याच्या कामातून मोकळा झाला. हे टरेट ओतीव पोलादाचे. निझनी तागिल, गोर्की आणि ओम्स्क इथल्या कारखान्यांच्या टरेटमध्ये बारीक फरक आहेत, जोडाची रेघ वेगळी, घुमटांची ठेवण वेगळी. ओतकाम घाईचं, त्यामुळे पृष्ठभाग चांगलाच खडबडीत. नगरच्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन रणगाड्याच्या टरेटवर हात फिरवला, तेव्हा ओतीव पोलादाचा पोत हाताला कसा लागतो ते कळलं होतं. तो पोत १/३५ मध्ये नुसता सूचित करता येतो. १/१६ मध्ये तो खरोखर घडवता येतो. शिवाय या किटमध्ये आतलं सगळं येतं. बारा सिलिंडरचं, ५०० अश्वशक्तीचं व्ही-२ डिझेल इंजिन, गोळ्यांचे रॅक, चालकाची बैठक. मागची झाकणं उघडी ठेवून इंजिन दाखवायचं, असा माझा बेत होता.

विक्रेता मॉडेलवाल्यांच्याच एका ग्रुपवरचा. त्याच्या कामाचे फोटो नेहमी असायचे आणि काम खरंच चांगलं होतं. नवख्या मुलांना एअरब्रशचं प्रेशर किती ठेवायचं, प्रायमर किती पातळ करायचा, हे तो आपुलकीने सांगायचा. फोटोत खाली निळी कटिंग मॅट असायची, उजव्या कोपऱ्यात सोल्डरिंग गनचा जळका गोल डाग. हा डाग लक्षात ठेवा. किटचे २२ हजार आणि सोबत धातूचे ट्रॅक व लेथवर घडवलेली ॲल्युमिनियमची बॅरल (तोफेची नळी) यांचे ९ हजार, असा सौदा ठरला. आतले फोटो मागितले तर म्हणाला, "दादा, सील तोडलं तर किंमत जाते, तुम्हालाच पुढे विकायला त्रास होईल. आतली एक पिशवी फोडलेली नाही, माझा शब्द." पैसे यूपीआयवर दिले. खोकं चार दिवसांत आलं, नीट पॅक केलेलं, वर पारदर्शक फिल्म ताणून बसवलेली.

पावसाळा तोंडावर होता. आर्द्रता चढली की लॅकर प्रायमर पांढरा पडतो, म्हणून पुण्यात आमच्यापैकी बरेचजण जून ते सप्टेंबर मोठं काम काढतच नाहीत. खोकं कपाटावर गेलं आणि दसऱ्यानंतर उघडलं. विक्रेत्याचा सगळा डाव याच मधल्या काळावर आहे. न उघडलेली किटं महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं पडून असतात. आपण आत पाहीपर्यंत पैसे परत मागायची मुदत गेलेली असते, कुरिअरची नोंद जुनी झालेली असते, आणि विकणारा म्हणू शकतो की तुमच्याच हातून काहीतरी हरवलं.

पिशव्या खरोखर बंद होत्या. खालचा हल (रणगाड्याचं धड), सस्पेन्शन, चाकं, सगळं मूळ कंपनीचं आणि सुंदर. त्यावर काम करताना शंका यायला जागाच नव्हती. मग टरेट हातात घेतला. पोत देण्याची साधी रीत आहे. पातळ सिमेंटचा, म्हणजे प्लास्टिक जोडायच्या पातळ गोंदाचा, हात मारून प्लास्टिक मऊ करायचं आणि केस ताठ झालेल्या जुन्या ब्रशने टोचत जायचं. सिमेंटचा पहिला हात मारला आणि ब्रश राखाडी झाला. प्लास्टिक मऊ होताना असा रंग सुटत नाही. कापसाने पुसलं तर राखाडीच्या खालून पिवळट पांढरं निघालं. ब्रश टोचला, पृष्ठभाग ढिम्म. किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, ते सिमेंटमध्ये विरघळतं; साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या रेझिनला सिमेंट काही करत नाही. माझ्या हातात होती मूळ टरेटवरून साचा काढून ओतलेली नक्कल, वर किटच्या प्लास्टिकसारखा रंग मारलेली.

भोसरीत माझ्या एका मित्राचं लेथचं वर्कशॉप आहे. त्याच्याकडे दोन्ही तुकडे घेऊन गेलो. खऱ्या टी-३४/८५ च्या टरेट रिंगचा व्यास १६०० मिमी, म्हणजे १/१६ ला बरोबर १०० मिमी. हलच्या भोकाला व्हर्निअर लावला, माप त्याच्या आसपासच आलं. टरेटचा गळा मात्र दीड मिमीने कमी. स्वस्त रेझिन घट्ट होताना आकसतं, त्यामुळे नक्कल नेहमी मूळ भागापेक्षा लहान येते. टरेट हलवर ठेवून बोट लावलं तर खुळखुळत होता. मित्राने आतल्या बाजूला टॉर्च मारून दाखवलं: मूळ भागात साच्याच्या पिनांचे गोल ठसे कडक कडांचे असतात, इथे त्या कडा वितळल्यासारख्या बोथट. कमांडरच्या घुमटाच्या कडेखाली हवेच्या बुडबुड्यांची टाचणीएवढी भोकं, पुट्टीने बुजवलेली. पुट्टी बुजवून वर घासकाम केलं होतं. एवढी मेहनत त्याने फसवायला घेतली होती, हे पाहून मला त्या दिवशी सगळ्यात जास्त संताप आला.

मग बाकीचं मोजलं. इंजिनाचा स्प्रू (भाग जोडलेली प्लास्टिकची चौकट) नाही. फोटो-एचची, म्हणजे बारीक कोरलेल्या धातूच्या भागांची, पट्टी नाही, म्हणजे मागच्या जाळीचं काम संपलं. पारदर्शक भाग नाहीत, डिकल (चिकटवायची चिन्हं) नाहीत. त्यांच्या जागी चाकांचे दोन जादा स्प्रू, दुसऱ्या कुठल्या तरी किटमधले, म्हणजे वजन भरलं. धातूच्या ट्रॅकच्या पिशवीत एकाच बाजूच्या कड्या. टी-३४ ला एका बाजूला ७२ लागतात, दोन्ही बाजूंना मिळून १४४. आणि हे भाग त्याने फेकले असतील असं समजू नका. रिमोटचे रणगाडे बनवणाऱ्यांना मूळ टरेट हवा असतो, दुरुस्ती तळाचा देखावा करणाऱ्यांना सुटं इंजिन हवं असतं. एकाच किटचे तो दोन-तीन गिऱ्हाइकांकडून पैसे घेतो.

सील पाहून निश्चिंत होणाऱ्यांसाठी सांगतो: ती फिल्म बाजारात रोलने मिळते आणि हीट गनने दोन मिनिटांत ताणून बसते. पिशव्या बंद करायचं सीलिंग मशीन तर फरसाणवाल्याकडेही असतं. सीलवरून काहीच सिद्ध होत नाही.

फोन केला तेव्हा तो चिडला नाही, उलट हळहळला. "दादा, मलाही असंच मिळालं असणार, मी बाहेरच्या माणसाकडून घेतलं होतं. मी तुम्हाला मूळ टरेट आणि इंजिन परदेशातून मागवून देतो." थोड्या दिवसांनी निरोप आला की पार्सल कस्टममध्ये अडकलं आहे, ६,५०० रुपये शुल्क भरायचं आहे, माझ्या भाच्याच्या नंबरवर टाका. मी टाकले नाहीत. टपालाने आलेल्या पार्सलवरचं शुल्क पोस्टमन पार्सल देताना घेतो आणि त्याची पावती देतो. खासगी कुरिअर असेल तर कंपनी केवायसी मागते आणि शुल्क तिच्या बिलात येतं. सरकारी शुल्क कुणाच्या भाच्याच्या यूपीआयवर भरायची पद्धत देशात कुठेही नाही. याच माणसाने फसवलेल्या नाशिकच्या एका मॉडेलरने असेच मागितलेले पैसे भरले आणि त्यानंतर नंबर बंद. बेळगावच्या एकाला पँथरच्या किटमध्ये असाच ओतलेला टरेट मिळाला होता. तो मी सांगेपर्यंत कुणाला बोलला नव्हता. आपलं वर्तुळ छोटं, सगळे एकमेकांना ओळखतात, आणि "एवढ्या अनुभवी माणसाला कसं फसवलं" असं कुणी म्हणेल म्हणून लोक गप्प बसतात. त्या गप्प बसण्यावर हा माणूस जगतोय. तुमच्याबाबतीत झालं असेल तर बोला, कृपा करून बोला.

तक्रारीबद्दल. पैसे पाठवल्यावर लगेच संशय आला तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येण्याची शक्यता असते. उशीर झाला असेल तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा आणि बँकेलाही लेखी कळवा. यूपीआयने स्वतः पाठवलेले पैसे बँक आपणहून परत करत नाही, त्यामुळे नोंद महत्त्वाची. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतो. ठाण्यात "खेळण्यासाठी एवढे पैसे?" हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच, वाद घालत बसू नका. जाहिरातीत काय लिहिलं होतं, आत काय निघालं आणि व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक, हे तिन्ही एका कागदावर लिहून न्या. संभाषण पुसू नका. तो बहुधा ग्रुपमधून तुम्हाला काढेल, त्याआधीच स्क्रीनशॉट घ्या.

आणि घेताना. प्रत्येक स्प्रूचा फोटो मागा, त्याच्या ओळखीच्या अक्षराची पट्टी दिसेल असा, शेजारी तुमचं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद ठेवून. सूचनापुस्तिकेत सगळ्या भागांचा नकाशा असलेलं पान असतं, त्याच्याशी एकेक अक्षर जुळवा. चोरी होते ती चपट्या आणि छोट्या गोष्टींची: डिकल, फोटो-एच, पारदर्शक स्प्रू. ते आधी बघा. सीलचं कारण सांगून जो फोटो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका, मग तो कितीही मोठा मॉडेलर असो. खोकं घरी आलं की पावसाळा असो, लग्न असो, त्याच दिवशी व्हिडिओ चालू ठेवून उघडा. टरेट, तोफेचं कवच, हलचा वरचा भाग, हे मोठे भाग हातात घ्या आणि आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, पातळ सिमेंटचा थेंब सोडा. प्लास्टिक चिकट झालं तर मूळ आहे. थेंब नुसता उडून गेला किंवा रंग सुटला, तर तिथेच थांबा आणि विक्रेत्याला व्हिडिओ पाठवा.

माझी तक्रार नोंदली आहे, नाशिक आणि बेळगावच्या दोघांनीही आपापली नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. तो माणूस गेल्या आठवड्यात दुसऱ्या नावाने पुन्हा दिसला, १/१६ चा किंग टायगर विकतोय, "सीलबंद, न उघडलेला". नाव, प्रोफाइलचा फोटो, नंबर, सगळं नवीन आहे. खोक्याखालची मॅट निळीच आहे आणि उजव्या कोपऱ्यात तोच जळका डाग आहे. तुमच्यापैकी कुणी त्याच्याशी बोलत असेल तर पैसे पाठवू नका, मला लगेच कळवा. तो नवा नंबर आम्हाला तक्रारीत जोडायचा आहे.