आवर्तसारणी: उभी शिकावी की आडवी?

एका विद्यार्थिनीला प्रश्न पडलाय: मूलद्रव्यांची सारणी गणांनी (उभ्या स्तंभांनी) शिकू की आवर्तांनी (आडव्या ओळींनी)?

मेहनत आडव्या आवर्तांत कमी. हायड्रोजन ते कॅल्शियम ही 20 मूलद्रव्यं अणुअंकाच्या (अणूतल्या प्रोटॉनच्या संख्येच्या) क्रमानेच येतात आणि इलेक्ट्रॉन संरूपणही, म्हणजे कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन हेही, ओघात जमतं: सोडियम 2, 8, 1; मॅग्नेशियम 2, 8, 2. गणांत अणुअंक 3, 11, 19 अशा उड्या मारतात.

पण गुणधर्म समजायला गणच सरस, यात मला शंका नाही. लिथियम, सोडियम, पोटॅशियम यांच्या बाह्यतम कवचात एकच इलेक्ट्रॉन, म्हणून तिघांचीही पाण्याशी अभिक्रिया होते. खाली जाताना कवचं वाढतात, इलेक्ट्रॉन सहज सुटतो आणि अभिक्रिया अधिक तीव्र होते. किती सुंदर आहे हे!

अणुअंक, संरूपण कच्चं असेल तर आधी आवर्त घे. संयुजा (इतर अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता) आणि रासायनिक सूत्रं अडत असतील तर गण.