लिहिताना कथा वाचाव्यात की माहिती?

सांगलीत बसून कथा लिहिणाऱ्यापुढे वाचनाचे दोन रस्ते असतात. एक, इतरांच्या कथा. संवाद कुठे तोडायचा, शेवट कधी आवरायचा हे त्यातून कळतं. पण आवडत्या लेखकाची वाक्यंही नकळत झिरपतात. मिरजेचा रिक्षावाला पुणेरी बोलू लागतो!

दुसरा, गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचे सरकारी ग्रंथ, बाजारभाव, शेतीची पुस्तकं. भाषा बहुधा रुक्षच. पण त्यातूनच कळतं की सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत, म्हणजे खोल खड्ड्यांत, साठवत. बंद पेवात हवा खेळत नाही, म्हणून कीड लागत नाही. उघडल्या उघडल्या आत उतरलं तर माणूस गुदमरू शकतो. २००५ च्या महापुरात कितीतरी पेवं बुडाली. व्यापाऱ्याच्या गोष्टीला आणखी काय हवं?

पहिला खर्डा होईपर्यंत मी दुसऱ्या बाजूचा. कथासंग्रह पुनर्लेखनाच्या वेळी काढावेत. कविता मात्र कधीही चालते.